बाराव्या गाण्यातली शिट्टी

प्रिय भुंग्या,

हे नाव लिहिताना जरा अडखळलेच. छत्तीस वर्षांच्या बाप्याला, ज्याच्या हाताखाली नऊ माणसं काम करतात, त्याला आईने अशी हाक मारावी का? पण पाळण्यात असल्यापासून तू सारखा गुणगुणत असायचास, दूध पितानासुद्धा, म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव. आणि मला आज त्याच पोराशी बोलायचंय. पत्र बघून घाबरू नकोस. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. फोन केला असता, पण आपले फोन तुला माहीतच आहेत. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, ठेवू का. शिवाय फोनवर तू मध्येच ‘असू दे गं आई’ म्हणशील आणि मी लग्गेच असू देईन. जगाला वाटतं ही बाई तोंडाळ, पण तुझ्यापुढे मी भित्री आहे. पाकिटात एक पेन ड्राइव्ह आहे. तो आत्ता लावू नकोस. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. आज तेवढी आवर आणि पत्र पुरतं वाच.

आधी बातमी सांगते. मी कान तपासून आले. झालं काय, कपडे धुवायचं नवीन मशीन घेतलं ना, ते काम झालं की म्हणे पीं पीं करतं. शेजारीण दोनदा येऊन सांगून गेली की बाई, तुमचं मशीन केव्हाचं ओरडतंय. मी तिला म्हटलं, तुमचेच कान वाजताहेत. तिसऱ्यांदा तिने मला हाताला धरून मशीनपुढे उभं केलं. तिला ऐकू येत होतं, तिच्या पाच वर्षांच्या पोराला ऐकू येत होतं, आणि चाळीस वर्षं व्हायोलिन शिकवलेली मी ठोंब्यासारखी उभी! म्हणून मग गेले. तिथे तपासणीला माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिला मी आता कानवालीच म्हणते. तिने मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं आणि म्हणाली, बाई, आवाज आला की दाबायचं. मी वाट बघत बसले. बराच वेळ झाला तरी ही काही सुरू करेना. काचेतून बघते तर मान खाली घालून तिचं काम चाललेलं. मी वाट बघत होते तेव्हा ती एकामागून एक आवाज सोडत होती, आणि माझं बटण गप्प.

नंतर तिने आलेख दाखवला. डावीकडे सगळं ठीक, आणि मग रेघ जी घसरली ती जिन्यावरून पडल्यासारखी खालीच. मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? तुझं मशीन बिघडलंय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा. ती हसली. म्हणाली, बाई, हा रोग नाही, वय आहे. सगळ्यात वरचे, बारीक आवाज आधी जातात. चाळिशीच्या आसपास, कधी त्याच्याही आधी सुरुवात होते, आणि माणसाला पत्ताच लागत नाही, कारण जे ऐकूच येत नाही ते गेलं हे कळणार कसं? मग फाइल बंद करता करता सहज बोलून गेली, की वर्गातल्या पोरांना ऐकू येतं ते शिकवणाऱ्या बाईंना येत नाही, असं कितीदा तरी होतं. मी चप्पल घालत होते. एक पायात होती, एक हातात. तशीच खुर्चीवर बसले. तिला वाटलं चक्कर आली, तिने पाणी आणलं.

तुला ते दहा दिवस आठवत असतील. मी विसरले असं तुला वाटत असेल, तर नाही. बाबांच्या घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस वाचेल पण आवाज राहणार नाही. ऑपरेशनला दहा दिवस होते. बाबा शिवणाच्या मशीनवर बसून कुणाची तरी पँट आखूड करत होते, आणि तू तेरा वर्षांचा पोर पुढे येऊन म्हणालास, बाबांची गाणी भरून ठेवू या. बाबांची गाणी म्हणजे काय, मशीन चालवताना त्यांनीच जोडलेली, कुठे छापलेली नाहीत, कुणाला ठाऊक नाहीत, मोजून बारा. मामाच्या दुकानातले जुने भाग गोळा करून तू कॉम्प्युटर उभा केलास. माइकला स्टँड नव्हता, तर बाबांचा कपडे चढवायचा पुतळा घेतलास आणि त्याच्या मानेला मापाच्या फितीने माइक बांधलास. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला कापडाचे तागे रचलेस. वीज बाहेरच्या खोलीतून आणलेली, त्या वायरीमुळे मधलं दार पूर्ण लागायचं नाही. बाबा पुतळ्यासमोर उभे राहून म्हणाले होते, आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक माझं ऐकून घेतंय. आपण तिघंही किती हसलो होतो. नंतर त्या खोलीत तसं कुणी हसलं नाही.

पहिलं गाणं झालं, मी साथीला व्हायोलिन धरलं होतं, आणि तू ऐकून म्हणालास, यात शिट्टी येतेय. बारीक, सुईसारखी, सारखी. बाबांनी ऐकलं, मी ऐकलं. काही नाही. तू हटेनास. फ्रीज बंद केलास, त्यात दूध नासलं. ट्यूबलाइट बंद करून आपण टेबलावरच्या दिव्यात गायलो. भिंतीवरचं घड्याळ काढून टॉवेलात गुंडाळून कपाटात कोंबलंस. वायरी बदलल्यास. आणि दुधाच्या वासावर मांजर फिरावं तसा कान पुढे करून घरभर फिरलास, आणि बाहेरच्या खोलीत आजोबांच्या टीव्हीपुढे जाऊन थांबलास. म्हणालास, हा. माझ्या सासऱ्यांचं सगळं जग त्या टीव्हीत होतं, पाय गेल्यापासून. आपण गात असताना ते बिचारे आवाज पूर्ण बंद करून नुसती फुटबॉलची धावपळ बघायचे. मी म्हटलं, अरे, आवाज बंद आहे, मुका टीव्ही वाजेल कसा? तू म्हणालास, आवाज बंद असला तरी टीव्ही वाजतो. मी काही तो बंद करू दिला नाही. भुंग्या, हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी शाळेत, शिक्षकांच्या खोलीत विनोद म्हणून सांगितलं. आमच्या चिरंजीवांना मुका टीव्ही ऐकू येतो! सगळे हसले. सगळे माझ्याच वयाचे होते. तुला दारापाशी डबा घेऊन आलेलं मी पाहिलं होतं, आणि तरी मी वाक्य पूर्ण केलं. हे तुला ठाऊक आहे की नाही मला माहीत नाही. आज सांगून टाकलं.

आता बारावं गाणं. ऑपरेशन दोन दिवसांवर आलेलं. बाबांचा घसा इतका सुजलेला की पाणीसुद्धा चमच्याने घ्यायचे. हे एकच राहिलं होतं आणि ते त्यांचं सगळ्यात लाडकं होतं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, काय लागला होता रे आवाज त्या दिवशी! माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात मात्र बरोबर चालला होता. शेवटच्या कडव्याची पहिली ओळ त्यांनी उचलली, आणि तू ओरडलास, ‘गेली!’ केवढ्यांदा! बाबा थांबले. खोकल्याची उबळ आली ती थांबेना. पुन्हा गायला बघितलं, तोंडातून नुसती हवा आली. मी व्हायोलिन खाली ठेवलं आणि तुझ्या कानाखाली वाजवली. तू गालावर हात धरून सांगत होतास, आई, शिट्टी गेली, खरंच गेली, म्हणून ओरडलो. मला वाटलं, गाणं नासवलंस आणि वर आता थापा मारतोयस. मी म्हणाले, तुला कानच नाही. कसली शिट्टी नि काय, कान नसलेल्याने वाद्याला हात लावू नये. बाबांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता. ते बोलू बघत होते आणि बोलता येत नव्हतं. ते त्यांच्या आवाजाचे शेवटचे दोन दिवस, आणि त्यातला पहिला माझ्या आरडाओरड्यात गेला.

तू ते शब्दशः घेतलंस. मला वाटलं चार दिवस रुसेल, मग येईल. तू माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी होतास, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण घरच्या पोराचं कौतुक करू नये अशी माझी शहाणपणाची समजूत. तू आला नाहीस. ऑपरेशननंतर बाबांनी पाटीवर लिहून बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच लिहून दाखवलं होतं, ‘पोरगा खोटं बोलत नाही.’ मी पाटी पुसली आणि त्यांना औषध दिलं. सहा वर्षं जगले त्यानंतर, ते वाक्य त्यांनी आणखी दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा मी पुसलं. बाप आहे, मन मऊ आहे, असं मला वाटायचं. आणि तुझं व्हायोलिन. वर्षभर कपाटावर पडून होतं, मग मी ते एका मुलीला देऊन टाकलं. तुला चिडवायलाच दिलं, खरं सांगते. वाटलं, भांडायला तरी येशील. तू फक्त रिकाम्या कपाटाकडे एकदा बघितलंस. ती मुलगी पुढे घरच्यांबरोबर दुसरीकडे गेली. गेल्या महिन्यात मी बऱ्याच ठिकाणी चौकशी केली, ते वाद्य काही सापडलं नाही. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

तर त्या दिवशी चप्पल हातात घेऊन बसलेले असताना मी कानवालीला हे सगळं सांगितलं. तू तेव्हा ती गाणी उतरवून ठेवलेली जुनी सीडी कपाटात होतीच. रविवारी सकाळी ती आपला लॅपटॉप घेऊन घरी आली. तिने गाणं लावलं आणि पडद्यावर आवाजाचं चित्र उघडलं. खाली जाड आवाज, वर बारीक. बाबांचा आवाज खाली लाटांसारखा दिसत होता, माझं व्हायोलिन त्याच्या वर वर चढत होतं. आणि त्या सगळ्याच्या वर, एकटी, पट्टीने आखल्यासारखी एक सरळ रेघ. गाणं सुरू व्हायच्या आधीपासून ते संपल्यावरही. बाबा श्वास घेतात तिथेही आहे, मी वहीचं पान उलटते तिथेही आहे. कानवालीने बोट ठेवलं, सेकंदाला पंधरा हजार सहाशेच्या आसपास कंपनं. तिने लगेच विचारलं, बाई, घरात तेव्हा जुना खोक्यासारखा टीव्ही होता का? त्या टीव्हीच्या पोटात एक भाग असतो, तो चित्राच्या ओळी आखताना नेमका एवढ्याच वेगाने थरथरतो आणि शिट्टी मारतो. आवाज मोठा करा नाहीतर बंद, टीव्ही चालू आहे तोवर ती चालू. मोठ्यांना बहुतेक ऐकू येत नाही. लहान मुलं वैतागतात. अकरा गाणी तिने एकेक करून उघडली, अकराही गाण्यांत ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग बारावं. रेघ निघाली, पहिलं कडवं, दुसरं कडवं, आणि शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी कात्रीने दोरा कापावा तशी तुटली. पुढे काळं, स्वच्छ. आणि तुटल्यावर अर्ध्या सेकंदाने खाली एक मोठा उंचवटा. कानवालीने तेवढाच तुकडा वाजवला. ‘गेली!’ तेरा वर्षांचा तुझा आवाज, फुटायच्या बेतात आलेला, किती आनंदाचा रे! तेवीस वर्षं मला तो आवाज खोडसाळ आठवत होता. मी रडले. कानवालीसमोर, मोठ्याने रडले. मग हळूहळू आठवलं, की त्या दिवशी तुला मारून मी तरातरा बाहेरच्या खोलीत गेले, तेव्हा आजोबा काळ्या पडद्यासमोर बसले होते. म्हणाले, हरले मेले, चार गोल खाल्ले, बंदच करून टाकला. मी ते ऐकलं होतं. दोन गोष्टी एकाच मिनिटात माझ्या कानांवर आल्या आणि मला त्या एकमेकींशी जोडता आल्या नाहीत. चोर आपला आरामात खुर्चीसमोर, आणि फाशी संन्याशाला.

साफ करायचं काम मी स्वतः केलं. कानवाली म्हणाली, मी करते, तासाभराचं आहे. मी म्हटलं, नाही, मला शिकव. तीन आठवडे लागले. पहिल्या गाण्यात मी झाडू मारल्यासारखं वरचं सगळंच उडवलं, रेघेच्या खाली पार व्हायोलिनपर्यंत, आणि वाद्य गोधडीत गुंडाळल्यासारखं वाजायला लागलं. तेवढं मात्र मलाही कळलं. मग तिने दाखवलं, रेघेपुरतीच बारीक चीर पाडायची, शेजारच्या आवाजाला धक्का लागता कामा नये. बाबा काजं करायचे तसं काम आहे ते, एक धागा इकडे तिकडे झाला की कापड गेलं. अकरा गाणी केली. रेघ गेलेली डोळ्यांना दिसते. पण भुंग्या, माझी गंमत बघ, ज्या शिट्टीपायी मी तीन आठवडे मान मोडून बसले, ती मला आधीही ऐकू येत नव्हती आणि आताही येत नाही. ती होती हे मला दुसऱ्याच्या शब्दावर मानावं लागतं. तेव्हा हीच गोष्ट तू माझ्याकडे मागत होतास.

बाराव्याला मी हात लावलेला नाही. कानवालीने विचारलं होतं, त्या ओरडण्याच्या जागी बाबांचा सूर मागेपुढे करून जोडता येईल, कळणारही नाही. मी तिच्यावर खेकसले. नंतर माफी मागितली, हल्ली सराव करतेय. तुझ्याकडे मागायची ती मात्र सरावाने जमणारी नाही, म्हणून सरळ लिहिते. माझं चुकलं. तुला मारलं ते चुकलं, चारचौघांत तुझं हसं केलं ते चुकलं, आणि तुला कान नाही म्हणाले ते तर धडधडीत खोटं होतं. त्या घरात एकालाच धड ऐकू येत होतं. सूनबाई कौतुकाने सांगते, की बंद पडलेल्या पंपाला तू नुसता कान लावतोस आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतोस, लोक तुला लांबून बोलावणी धाडतात. मी ‘हो का’ म्हणून विषय बदलत आले. त्या कानाने तू आणखी काय काय ऐकलं असतंस, हा विचार आला की मला जेवण जात नाही.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगते. कानाची तपासणी होऊन महिना झाला, गाणी साफ होऊन आठवडा झाला, आणि मी पत्र उद्यावर ढकलत होते. परवा सूनबाईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, छोटीच्या शाळेत व्हायोलिनचा वर्ग सुरू झालाय, पोरगी नाव घालायचं म्हणून हट्ट धरून बसलीय, आणि हे तिला म्हणाले, ‘नको बाळा, आपल्या घरात कुणाला कान नाही.’ सूनबाई हसत सांगत होती, तिला बिचारीला काय ठाऊक. माझे शब्द तेवीस वर्षं तुझ्या तोंडात राहिले आणि आता आठ वर्षांच्या पोरीला मिळाले. म्हणून एक कर. तिला जवळ घे, हेडफोन लाव, आणि काही न सांगता पेन ड्राइव्हवरचं बारावं गाणं सुरू कर. कानवाली म्हणते, तू आता चाळिशीकडे आलास, तुला ती शिट्टी कदाचित येणार नाही. तिला येईल. ती नाक मुरडेल, कानावर हात ठेवेल, म्हणेल, बाबा, यात काहीतरी वाजतंय. तुला काही ऐकू आलं नाही तरी तिला खोटं ठरवू नकोस. गाणं पुढे जाऊ दे. शेवटच्या कडव्यापाशी तू ओरडायच्या अर्धा सेकंद आधी ती मान वर करेल. तेव्हा तिला सांग, तुझ्या बाबालाही ऐकू आलं होतं, आजीला नव्हतं. आणि वर्गात नाव घाल.

तुझीच, उशिरा ऐकू आलेली,
आई